आमचे सर, नॅपकिन आणि न्याप्रन

कारखान्यात काम केलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. टॉवेलच्या कारखान्यात तर जास्तच. मागावर कापसाची रुई उडते, ती केसांत बसते, चष्म्यावर बसते, चहाच्या कपात पडते. झटकली तरी संध्याकाळी घरी पोचल्यावर पदरावर सापडतेच. किश्श्यांचंही तसंच. घरी जेवायला बसलं की एखादा आठवतो आणि मी एकटीच हसते. मग मुलगा विचारतो, "आज काय झालं मडिवाळप्पाचं?"

आमचा कारखाना सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत. टॉवेल, नॅपकिन, ॲप्रन असा माल बनतो आणि बराचसा परदेशी जातो. मी एक्सपोर्टचं काम बघते. म्हणजे ईमेल, लेबल, कागदपत्रं. चौदा वर्षं झाली. पण खरे किस्से सुरू झाले ते इनामदार सर ऑफिसात आल्यापासून. आणि सर आले ते एका अक्षरामुळे!

*

झालं असं, की छपाईवाल्यानं खोक्यांवर 'हँड टॉवेल' छापायचं ते 'हार्ड टॉवेल' छापलं. एका एनचा आर झाला. अख्खा कंटेनर तसाच गेला. पंधरा दिवसांनी तिकडून एका ओळीचं ईमेल आलं. "तुमचे टॉवेल मऊ आहेत. मग खोक्यावर कडक का लिहिलंय?"

आमचे मालक अंबादास शेठ. घरात तेलुगू, कारखान्यात मराठी, आणि इंग्रजी दिसलं की गप्प. त्यांनी ते ईमेल माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. मग गाडी काढली आणि थेट शाळेतल्या आपल्या इंग्रजीच्या सरांच्या घरी गेले. सर रिटायर होऊन बरीच वर्षं झालेली. पंच्याहत्तरीला आलेले, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, ताठ चाल.

"सर, मला वळखलं का?" शेठनी विचारलं.

"ओळखलं. दहावीला इंग्रजीत दोनदा," सर म्हणाले. पुढं काय ते बोलले नाहीत. शेठनीच मान डोलावली.

"तुमी रोज तीन तास या. लेबल, खोकी, ईमेल, जे काय इंग्रजी बाहेर जाईल ते तुमच्या डोळ्याखालून जाऊ द्या."

सरांनी एकच अट घातली. "मी चूक दुरुस्त करीन. पण शब्द आला कुठून तेही सांगीन. ते ऐकावं लागेल."

शेठ हात जोडून म्हणाले, "शाळेत ऐकलं न्हाई सर, म्हणून तर तुमच्या दारात आलो की!"

*

पहिल्याच दिवशी सरांनी सँपलच्या टेबलावरचा नॅपकिन उचलला आणि विचारलं, "हा शब्द कुणाचा?"

मी म्हटलं, "इंग्रजांचा."

"अर्धाच," सर म्हणाले. "टेबलावर अंथरायच्या कापडाला फ्रेंच लोक 'नॅप' म्हणतात. इंग्रजांनी ते उचललं आणि त्याला 'किन' जोडलं. किन म्हणजे छोटं. जसं आपण डब्याची डबी करतो तसं. नॅपकिन म्हणजे छोटं कापड. बस, एवढंच."

शिलाई खात्याचे मास्टर रफिकभाई दारात उभे होते. गळ्यात टेप, हातात कात्री. तीस वर्षं मशीनवर बसलेला माणूस. ते म्हणाले, "सर, आमच्या घरात याला नॅपकिन कोन म्हणतंय? दस्ती म्हणतो आमी. दस्त म्हणजे हात. हाताला लागतंय म्हणून दस्ती."

सर उठूनच उभे राहिले. "दस्त म्हणजे हात, हे मला माहीत होतं. सोलापुरात राहून आयुष्यभर दस्ती खिशात ठेवली, तेही माहीत होतं. पण दोन्ही एकत्र कधी आलंच नाही डोक्यात!"

त्यांनी खिशातून छोटी वही काढली, लिहून घेतलं आणि पुढं रफिकभाईंचं नावही लिहिलं. रफिकभाई त्या दिवशी सगळ्या खात्यात सांगत फिरले, "सरांना मी शिकवलं!" आणि सरांनीही कधी ते नाकारलं नाही.

*

आता मडिवाळप्पा. हा पॅकिंगचा मुकादम. अक्कलकोटच्या पलीकडच्या एका गावचा, घरी कन्नड. माल मोजून, घडी घालून, खोक्यात भरायचं काम त्याच्याकडे. बोटं इतकी तयार, की डोळे मिटून सांगेल, या गठ्ठ्यात एक नग कमी आहे.

आम्ही ॲप्रनचं काम नवीन घेतलं होतं. मडिवाळप्पाच्या तोंडात नॅपकिन बसलेला, तोही 'न्यापकीन'. त्यामुळे ॲप्रनचाही त्यानं 'न्याप्रन' केला. "मॅडम, न्याप्रनची खोकी कुटं ठिवू?" दिवसातून दहादा!

एकदा सगळे चहाला बसलेले असताना मी त्याला थांबवलं. "मडिवाळप्पा, न्याप्रन नाही हो. ॲप्रन. म्हणा बघू, ॲ-प्र-न."

मुली हसल्या. शेठही हसले. मडिवाळप्पानं कप खाली ठेवला. "आमाला काय येतंय मॅडम. आमी आडाणी माणसं," म्हणाला. आवाज बारीक झाला होता. तेव्हा मला ते जाणवलंसुद्धा नाही. मी चष्मा पुसत बसले होते.

सर म्हणाले, "देशपांडेबाई, ते बरोबर आहेत."

"कोण?"

"मडिवाळप्पा. तो शब्द मुळात 'नेप्रन'च होता. त्याच फ्रेंच नॅपमधून आलेला, कमरेला बांधायचं कापड. आता सगळ्यांनी जरा भरभर म्हणा. अ नेप्रन, अ नेप्रन, अ नेप्रन."

आम्ही सगळे शाळेतल्यासारखे म्हणायला लागलो. चौथ्यांदा म्हणताना माझ्याच कानांना ते 'ॲन एप्रन' ऐकू आलं!

"झालं ना?" सर म्हणाले. "तिकडंही असंच झालं. नेप्रनचा न हळूहळू मागच्या 'अ'ला जाऊन चिकटला. कुणी ठरवून केलं नाही. ऐकण्यात चूक झाली, मग ती लिहिण्यात आली, मग सगळ्या शाळांतून शिकवली. मीही चाळीस वर्षं तीच चूक शिकवली. मडिवाळप्पा आजच्या इंग्रजांपेक्षा पाच-सहाशे वर्षं आधीचं शुद्ध बोलतात."

मडिवाळप्पा सरांकडे बघत राहिला. थट्टा चाललीय की काय, असं त्याला वाटत होतं. शेवटी त्यानं हळूच विचारलं, "म्हंजी माझंच खरं?"

"तुमचंच आधीचं."

मी त्याची सगळ्यांसमोर माफी मागितली. त्यानं "असू द्या की मॅडम" म्हटलं. पण त्या दिवसापासून त्यानं ॲप्रन हा शब्द जन्मात तोंडात येऊ द्यायचा नाही असंच ठरवलेलं दिसलं. उलट नव्या पोरी 'ॲप्रन' म्हणाल्या की तो त्यांना शिकवायचा, "न्याप्रन म्हणा. इंग्रजीत तसंच हाय."

*

आणि मग जे व्हायचं तेच झालं.

इंग्लंडच्या एका कंपनीची दोन हजार ॲप्रनची ऑर्डर होती. मी तीन दिवस रजेवर होते, भावाच्या मुलीचं लग्न. लेबलवाल्याचा फोन आला, "काय छापायचं?" सर तेव्हा घरी गेलेले, फोन घेतला मडिवाळप्पानं. त्यानं ठणकावून सांगितलं. लेबलवाल्यानं ऐकलं तसं छापलं आणि नमुन्याचा फोटो मला पाठवला. मी मांडवात उभी, चष्मा पर्समध्ये. फोटोला मंजुरीचा अंगठा पाठवला आणि अक्षता टाकायला गेले.

परत आले त्या सकाळी शिलाई संपलेली होती. मी गठ्ठ्यातला वरचा नग उचलला. गळ्याच्या पट्टीवर सुबक पांढरं लेबल. त्यावर इंग्रजीत, ठळक अक्षरांत: 'NAPRON'.

माल दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ट्रकवर चढायचा होता. नवी लेबलं यायला चार दिवस लागले असते.

मडिवाळप्पाला कळलं तेव्हा तो गठ्ठ्यांच्या मागं जाऊन बसला. मी शोधत गेले तर म्हणाला, "माझी नोकरी जाती आता. पोरगी कालिजात हाय मॅडम."

"अहो, मंजुरी मी दिली. नमुना मी पास केला," मी म्हटलं. आणि ते खरंच होतं.

शेठच्या केबिनमध्ये आम्ही दोघं उभे. शेठचा चेहरा लाल. ते काही बोलणार तेवढ्यात सर आत आले. "अंबादास, यांना काही बोलू नकोस. न्याप्रन बरोबर आहे असं मडिवाळप्पांना मी सांगितलंय. चूक शिक्षकाची आहे. रागवायचं तर मला रागव."

आता ज्या सरांच्या हातच्या छड्या खाल्ल्या, त्यांना शेठ काय रागावणार! ते नुसतेच म्हणाले, "मग आता काय करायचं सर?"

"मला ईमेल लिहू दे."

सरांनी दीड तास बसून ईमेल लिहिलं. मी टाइप केलं. त्यात जुना शब्द, फ्रेंच कापड, तो न कसा सरकला, सगळं आलं. शेवटी एक वाक्य होतं, की तुमच्याच भाषेचं हरवलेलं अक्षर सोलापूरच्या एका पॅकिंग मुकादमानं तुम्हाला परत पाठवलं आहे, ते कृपया स्वीकारावं. वाचताना मला वाटलं, हे ईमेल वाचून कुणाचंही मन द्रवेल.

दुपारी तीनला उत्तर आलं. हेलन नावाच्या बाईंचं. दोनच ओळी. "इतकं सुंदर ईमेल मला बऱ्याच वर्षांत आलं नव्हतं. लेबल बदला."

सरांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, "मुद्देसूद बाई आहेत."

मार्ग काढला रफिकभाईंनी. ते एक ॲप्रन उलटसुलट करून बघत होते. लेबल दोन्ही टोकांना शिवलेलं, आणि नको असलेलं अक्षर अगदी डाव्या टोकाला. "मॅडम," ते म्हणाले, "डावीकडची शिलाई उसवायची. पहिलं अक्षर आत दुमडायचं. परत टीप मारायची. राहिलं काय?"

मी वाचलं. राहिलं ते बरोबर 'APRON'!

त्याच मिनिटाला सगळे बसले. शिलाईच्या बायका, पॅकिंगच्या पोरी, मी, शेठच्या पत्नी, आमच्या वहिनीसुद्धा. सरांनी कात्री मागितली, पण त्यांचा हात थोडा थरथरायचा, म्हणून त्यांना उसवलेले दोरे वेचायला बसवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी चारला शेवटचा नग झाला. मडिवाळप्पानं प्रत्येक गठ्ठा स्वतः दोनदा तपासला. घास काही त्यानं खाल्ला नव्हता. ट्रक फाटकाबाहेर गेल्यावरच त्यानं डबा उघडला.

सर अंगावरचे दोरे झटकत म्हणाले, "हे एक अक्षर घालवायला इंग्रजांना शंभर-दीडशे वर्षं लागली. रफिकभाई, तुम्ही एका दिवसात केलंत!"

*

मधला एक छोटा सांगते. दरवर्षी कारखान्याची क्रिकेटची मॅच होते, मागवाले विरुद्ध शिलाईवाले. भांडणं फार होतात म्हणून त्या वर्षी सरांना अंपायर केलं. नाणेफेकीच्या आधी सरांनी दोन्ही टीमना उन्हात उभं करून सांगितलं, की अंपायरचंही तेच झालेलं आहे. हा शब्दही आधी 'नंपायर'सारखा होता, त्याचाही न असाच सरकला. "आणि त्याचा अर्थ, जो दोघांच्याही बरोबरीचा नाही तो. तिसरा. म्हणून मी कुणाचा नाही."

शेठ मागवाल्यांकडून खेळायला उतरले. दुसराच बॉल पॅडवर. बॉल टाकणाऱ्या रफिकभाईंनी नुसतं वळून बघितलं, ओरडलेसुद्धा नाहीत. मालकाविरुद्ध कसं ओरडायचं! पण सरांचं बोट वर.

शेठ बॅट काखेत घेऊन सरांसमोर येऊन थांबले. "सर, शाळेतबी तुमीच, हितंबी तुमीच?"

सर म्हणाले, "तिथंही अभ्यासाला पाय आडवा तूच घातला होतास."

*

सहा-सात महिन्यांनी ईमेल आलं, की हेलनबाई स्वतः कारखाना बघायला येणार आहेत. लेबल बदला म्हणणाऱ्या त्याच. या वेळी खाली पूर्ण नाव होतं. मिसेस हेलन नेपियर.

मी नाव मोठ्यानं वाचलं, तसा मडिवाळप्पा दचकला. "नेपियर? मॅडम, ते तर गवत हाय! आमच्या म्हशीला घालतो की रोज!"

खरंच होतं. नेपियर गवत. आमच्याकडे गोठा असलेल्या प्रत्येकाच्या बांधावर असतं. मी त्याला हात जोडून सांगितलं, "हे त्यांच्यासमोर काढायचं नाही. काही झालं तरी नाही."

"न्हाय काढत," तो म्हणाला. पण तोंडावर हसू तसंच!

बाई आल्या. साठीच्या जवळपासच्या, उंच, सुती कुर्ता, उन्हानं लाल झालेल्या. मागांच्या खडखडाटात तासभर फिरल्या, प्रत्येक टॉवेल हातानं दाबून बघितला. मग ऑफिसात येऊन बसल्या. वहिनींनी ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी ठेवली होती. बाईंनी चटणी खाल्ली, नाक पुसलं आणि परत घेतली.

आणि आमचे सर? कोपऱ्यातल्या खुर्चीत ताठ बसून होते. कोट घालून आले होते. बाईंनी त्यांना विचारलं, "ते सुंदर ईमेल तुम्ही लिहिलंत ना?" सरांनी नुसती मान हलवली. बाईंनी आणखी दोन प्रश्न विचारले. सरांचे ओठ हलले, शब्द बाहेर येईना. मला कळेना, सरांना काय होतंय. मग लक्षात आलं. या माणसानं चाळीस वर्षं इंग्रजी शिकवलं, पण इंग्रज माणसाशी आयुष्यात एकदाही बोललेला नव्हता! आपलं इंग्रजी खरं आहे की नाही, हे आज कळणार होतं.

शेठ अस्वस्थ. मी अस्वस्थ. बाईंनी घड्याळाकडे बघितलं.

तेव्हा सर उठले. टेबलावरचा नॅपकिन उचलला, बाईंसमोर धरला आणि एकेक शब्द तोलत इंग्रजीत म्हणाले, "मॅडम, हे तुमचं आडनाव आहे."

बाई खुर्चीत पुढं सरकल्या.

सर बोलायला लागले आणि मग थांबले नाहीत. राजाच्या, सरदारांच्या वाड्यात टेबलावरची कापडं सांभाळायला एक खास माणूस असे. ती धुवायची, मोजायची, घडी घालून ठेवायची आणि जेवणाच्या वेळी अंथरायची. त्या कापडाच्या नावावरून त्या माणसाला नेपियर म्हणत. पुढं त्याच्या मुलाबाळांचं तेच आडनाव झालं. सरांचा आवाज वर्गातल्यासारखा खणखणीत झाला होता. बाई एक शब्द सोडत नव्हत्या.

सरांचं संपलं. बाईंनी नॅपकिन त्यांच्या हातातून घेतला. मग म्हणाल्या, "हे नाव माझ्या नवऱ्याचं. ते गेले त्याला तीन वर्षं झाली. अख्ख्या संसारात त्यांनी एकदाही टेबलावर कापड अंथरलं नाही!"

आणि हसायला लागल्या. हसता हसता त्यांनी त्याच सँपलच्या नॅपकिननं डोळे पुसले.

मडिवाळप्पा माझ्या मागं उभा. त्यानं विचारलं, "काय म्हनल्या मॅडम?" मी सांगितलं. तो म्हणाला, "मग आता गवताचं सांगू का? जरा बरं वाटंल त्यास्नी."

मी सरांकडे बघितलं. सर म्हणाले, "सांगू द्या."

मडिवाळप्पानं दोन्ही हातांनी उंची दाखवत गवताचं सांगितलं. म्हैस किती आवडीनं खाते, दूध कसं वाढतं, कापलं तरी कसं परत उगवतं, सगळं. सर एकेक वाक्य इंग्रजीत करत होते. बाई खुर्चीत मागं रेलून हसल्या आणि म्हणाल्या, "ते गवत मला बघायचंय."

शेठनी गाडी काढली. एमआयडीसीच्या मागं एकाच्या गोठ्याशेजारी डोक्याएवढं नेपियर उभं होतं. बाईंनी त्यात उभं राहून फोटो काढून घेतला. परत येऊन आमच्या पाहुण्यांच्या वहीत त्यांनी लिहिलं ते अजून आहे. "हेलन नेपियर. नॅपकिन सांभाळणारी. म्हशींनाही आवडते."

*

आता शेवटचं सांगते.

गेल्या वर्षी थंडीत एक दिवस सर आले नाहीत. सरांचं न येणं म्हणजे घड्याळ बंद पडल्यासारखं. अकरा वाजता त्यांच्या मुलीचा, वसुधाचा फोन आला. पहाटे सरांना अर्धांगाचा झटका आला होता. उजवा हात, उजवा पाय गेला होता. आणि बोलणं.

पाचव्या दिवशी भेटायला सोडतात म्हणून शेठ आणि मी हॉस्पिटलात गेलो. सर उशीला टेकून बसले होते. दाढी वाढलेली. आम्हाला ओळखलं असं डोळ्यांवरून वाटत होतं, पण तोंडातून नुसता आवाज येत होता, शब्द नव्हता. शेठ पायांशी उभे राहिले आणि पांघरूण नीट करत बसले.

तेवढ्यात डॉक्टर आले. तरुण होते, चांगले होते. वसुधाला म्हणाले, "आज जरा बघू या, शब्द कितपत राहिलेत." त्यांनी खिशातलं पेन काढून सरांसमोर धरलं. "सर, हे काय आहे?"

सर पेनाकडे बघत राहिले. ओठ हलले. काही नाही.

डॉक्टरांनी घड्याळ दाखवलं. कंगवा दाखवला. काही नाही. वसुधानं पलंगाची दांडी घट्ट धरली होती.

उशीशेजारी सरांचं तोंड पुसायचा नॅपकिन पडला होता. डॉक्टरांनी तो उचलला. "आणि हे?"

सरांच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी डोळे मिटले, उघडले. आणि अगदी स्पष्ट म्हणाले, "मॅप."

पाच दिवसांतला पहिला शब्द. वसुधाचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. तिनं खिडकीकडे तोंड फिरवलं.

डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि आम्हाला बाहेर घेऊन आले. हळू आवाजात म्हणाले, "शब्दांची सरमिसळ झालीय. वस्तू एक दिसते आणि नाव दुसरंच येतं. इंग्रजीचे शिक्षक होते ना? वाईट वाटतं. फार आशा ठेवू नका, एवढंच सांगतो."

वसुधा रडायला लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. नॅपकिनला मॅप! सरांनी!

शेठ मात्र जागचे हलले नाहीत. "डाक्टर," ते म्हणाले, "सर चुकीचं सांगनार न्हाईत."

"अहो, त्यांना आजार..."

"आजार हाय, मान्य. पर शब्दाच्या बाबतीत सर चुकायचे न्हाईत. मी त्यांच्या हाताखाली दोनदा नापास झालोय, मला ठाऊक हाय. मॅडम, तुमी बघा की फोनवर. बघा तर!"

शेठचं मन मोडवेना म्हणून मी फोन काढला. इंग्रजीत नॅपकिन लिहून पुढं 'मूळ शब्द' असं विचारलं. लिहिताना दोनदा चुकलं. मग पान उघडलं.

मी वाचलं. परत वाचलं. आणि मोठ्यानं वाचायला लागले. लॅटिनमध्ये कापडाला 'मॅपा' म्हणत. फ्रेंच लोकांनी त्याचा नॅप केला, त्यातून नॅपकिन. आणि पूर्वी जगाचा नकाशा कापडावर काढत, म्हणून नकाशालाही त्या कापडाचंच नाव पडलं. मॅपा. मॅप.

डॉक्टरांनी फोन माझ्या हातातून घेतला. स्वतः वाचलं, वर-खाली करून परत वाचलं. "हे मला माहीत नव्हतं," ते म्हणाले.

मग ते वळले आणि खोलीत गेले. आम्ही दारातच थांबलो. त्यांनी नॅपकिन पुन्हा उचलला, सरांच्या जवळ वाकले आणि विचारलं, "सर, मॅप? हे मॅप कसं?"

सरांनी त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं. मग डावा हात हळूहळू वर आला, आणि एक बोट पलंगाशेजारच्या स्टुलाकडे वळलं.

"बस," सर म्हणाले.

डॉक्टर बसले.